नंबर घालायचा राहिला

वेबसाइट डिझाइनच्या आमच्या वर्गात आधी दुसऱ्यांच्या साइटमधले दोष सांगायचे, मग स्वतःची साइट पडद्यावर लावून परक्याच्या नजरेने तपासायची, अशी पद्धत आहे.

शिवणकाम करणाऱ्या सुनंदाताईंनी फोन नंबर चार ठिकाणी दिला होता. ‘गर्दी वाटते,’ मी म्हणालो.

मग माझी साइट लागली. मुद्रितशोधनाची कामं मिळावीत म्हणून केलेली. तिच्यातल्या मोकळ्या जागेबद्दल मी समाधानाने बोललो.

‘छान आहे हो,’ सुनंदाताई म्हणाल्या, ‘पण तुम्हाला गाठायचं कसं?’

नंबर कुठेच नव्हता. तो कुणी मागितल्याला बराच काळ झाला होता.

घरी येऊन ठळक अक्षरांत नंबर घातला. बरोबर आहे ना, हे पाहायला माझ्याच मोबाइलवरून लावला. पलीकडून सांगण्यात आलं, हा नंबर सध्या व्यस्त आहे.