दोन गाड्या आणि हातोदची काळी माती

मी हातोदला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागलो तेव्हा मध्यप्रदेश नवा होता आणि आमच्या कचेरीतले जुन्या मध्यभारत राज्याचे छापील कागद अजून संपायचे होते. माझं काम गुरांना लस टोचण्याचं. दवाखाना सडकेवर, पण गुरं आतल्या गावांत, आणि तिकडे जाणारी वाट म्हणजे शेतांमधून गेलेल्या बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. वर्षभर सायकल मारली. दिवसाला जेमतेम एक गाव व्हायचं. शेवटी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं.

शहरात, मल्हारगंजातल्या एका गल्लीत मिस्त्रीजींचं गॅरेज होतं. त्यांचे आजोबा दरबारच्या रिसाल्यात घोडे सांभाळायचे, हे इंजिनं सांभाळायचे. त्यांच्याकडे त्या वेळी विकायला दोन गाड्या होत्या. एक लष्कराच्या लिलावातून आलेली, जाडजूड, दोघांना बसता येईल अशी, दिवा, भोंगा, नंबर सगळं जागच्या जागी. दुसरी हलकी. कुणा शौकीन तरुणाने मैदानातल्या शर्यतींसाठी तिचं होतं नव्हतं ते काढून टाकलं होतं. मडगार्ड नाही, दिवा नाही, भोंगा नाही, नंबराची पाटी नाही, आणि गादी एकाच माणसापुरती.

कोणती घेऊ, असं मी विचारलं, तर मिस्त्रीजी हसले. "भिया, मला कशाला विचारता? माती तुमच्या गावची. दोन्ही चालवून बघा, मग बोलू."

पहिल्या रविवारी भारी गाडी नेली. सडकेवर ती अशी चालली की मला राजा झाल्यासारखं वाटलं. हातोदच्या पुढे शेतवाटेला लागलो आणि राज्य संपलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये काळी माती भरत गेली, भरत गेली, आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. तुरीच्या काटकीने मी ती माती खरवडत बसलो. दहा हात पुढे गेलो की पुन्हा तेच. एका शेतकऱ्याने बैल जोडून मला सडकेपर्यंत ओढून आणलं.

पुढच्या रविवारी पहाटेच हलकी गाडी घेऊन निघालो. तीच वाट, तसाच चिखल. ही बकरीसारखी उड्या मारत गेली. नाल्याची दरड उतरली, पाण्यातून गेली, पलीकडे चढलीसुद्धा. मी एकटाच मोठ्याने हसत होतो. हीच घ्यायची, ठरलं.

परतताना शहराच्या नाक्यावर हवालदाराने अडवलं. त्याने नंबर विचारला, दिवा विचारला, आणि समोर म्हैस आली तर वाजवणार काय, हेही विचारलं. मग त्याने मला गाडीवरून उतरवलं. गाडी ढकलत मल्हारगंजापर्यंत न्यावी लागली. ढकलता ढकलता लसीची पेटी कुठे बांधणार, हे आठवलं. कधी दवाखान्याच्या डॉक्टरांना बरोबर न्यावं लागलं, तर त्यांना कुठे बसवणार?

मिस्त्रीजींना म्हटलं, "मला हिचं अंग पाहिजे आणि तिचा दिवा पण पाहिजे."

त्यांनी भारी गाडीचे बंपर ठोकून बघितले. मग म्हणाले, "हलकीला दिवा लावता येईल, पण दोन माणसं आणि पेटी ती झेलणार नाही. भारीचं वजन मात्र उतरवता येतं. तीच घ्या."

तीन रविवार आम्ही त्या गाडीला सोलत होतो. लोखंडी बंपर गेले, मागच्या जड पेट्या गेल्या. पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर वर उचलला, म्हणजे माती अडकणार नाही. सायलेन्सर नाल्याच्या पाण्यात बुडू नये म्हणून तोही वर घेतला. मागचं दातेरी चक्र मोठं बसवलं. वेग कमी झाला, ओढ वाढली. टायर खोल खाचांचे. दिवा, भोंगा, नंबर आणि मागची सीट मात्र राहू दिली.

आमचे डॉक्टर निवृत्तीला टेकलेले, कडक इस्त्रीचे. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि सरकारी माणसाने सर्कस करू नये, एवढंच सुनावलं.

भाद्रपदात एका आतल्या गावातून घटसर्पाची खबर आली. तीन बैल गेले होते. डॉक्टर जिल्ह्याहून आलेल्या जीपने निघाले, मी मागून गाडीवर. सडक सोडून मैलभर गेलो नाही तोच जीप चिखलात बसली, ती हलेचना. डॉक्टर उतरले, घोट्यापर्यंत रुतले, आणि माझ्या मागे येऊन बसले. लसीचा बर्फाचा डबा त्यांनी मांडीवर धरला.

"पाडणार तर नाहीस?" त्यांनी विचारलं.

"पडलो तर दोघंही पडू, साहेब."

वाटेत चाकांना माती लागत होती आणि गळून पडत होती. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. मी पहिल्या गियरमध्ये टाकून गाडी आत घातली. डॉक्टरांनी डबा डोक्यावर घेतला. मधोमध इंजिन खोकलं, पण पुढचं चाक पलीकडच्या दरडीला लागलं आणि गाडी आम्हा दोघांना घेऊन वर चढली. काठावर उभी असलेली माणसं आमच्यापुढे धावत सुटली, गुरं गोळा करायला.

दिवस मावळेपर्यंत आम्ही टोचत होतो. आजारी होती त्यांना डॉक्टर स्वतः इंजेक्शनं देत होते, धडधाकट होती त्यांना मी लस. लस संपली तेव्हा मी एकदा जीपपर्यंत जाऊन उरलेली घेऊन आलो. गावातलं एकही जनावर टोचायचं राहिलं नाही.

आठवड्याने आम्ही दोघं पुन्हा गेलो. आजाऱ्यांतली एक म्हातारी गाय तेवढी गेली होती, बाकी सगळी दावणीला उभी होती, रवंथ करत. गावच्या पटेलांनी आम्हाला दूध पाजलं. निघताना डॉक्टर गाडीपाशी थांबले, बूट पुसले आणि म्हणाले, "मला शिकव."

तिथल्याच शाळेपुढच्या मैदानात मी त्यांना क्लच समजावला. दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा ती निघाली. आमचे डॉक्टर पाठ ताठ करून मैदानाला फेऱ्या घालू लागले, आणि प्रत्येक वळणावर, समोर कुणी नसतानाही, भोंगा वाजवत राहिले.