भेटायला येऊ नये

माणसाला माणूस लागतो, असं उठताबसता म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा बायपास झालेला माणूस नसतो. आमच्या घरी होता. माझा नवरा. ऑपरेशन होऊन तो मुलुंडला घरी आला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की आता दोनच गोष्टी सांभाळा, विश्रांती आणि इन्फेक्शन. छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं असतं, ते जुळून येईपर्यंत साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. मी मान डोलावली. मला वाटलं, हे तर सोपं आहे. भेटायला येणारी माणसं मी तेव्हा हिशेबात धरलीच नव्हती.

आजाऱ्याला भेटायला जाणं हे आपल्याकडे कर्तव्य असतं. जे केल्याने करणाऱ्याला बरं वाटतं आणि दुसऱ्याला त्रास होतो, त्याला आपण साधारणपणे कर्तव्य म्हणतो. जायचं कशासाठी, तर 'नाही गेलं तर बरं दिसत नाही' म्हणून. कुणाला बरं दिसत नाही, ते कुणी सांगत नाही. आजाऱ्याला बरं वाटेल की नाही, हा प्रश्न तर कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पहिले आले ते बिल्डिंगमधले. चौथ्या मजल्यावरचे एक रिटायर्ड बँक मॅनेजर सकाळी दहा वाजताच आले आणि खुर्ची ओढून नवऱ्याच्या उशाशी बसले. त्यांना सांगण्यासारखं एकच होतं, त्यांच्या साडूचं ऑपरेशन.

"एकदम सक्सेसफुल झालं होतं हो! घरी आला, वरणभात जेवला, टीव्ही लावला, आणि..." इथे त्यांनी हवेत हात उडवला. "पण तुमचं तसं नाही व्हायचं. तुम्ही काळजी करू नका."

नवरा तोवर काळजी करत नव्हता. त्या दिवसापासून तो टीव्ही लावायला घाबरू लागला.

त्यांच्यामागून बाकीचे. एकीने दुधीचा रस सांगितला, दुसरीने लसूण, आणि दोघींचं नवऱ्याच्या पलंगाशेजारी भांडण जुंपलं. एक जण दारातून आत आला तो बोट रोखूनच, "तुला मी किती वेळा सांगितलं होतं, ते रोजचं चिवडा-फरसाण बंद कर!" जणू ऑपरेशन म्हणजे त्याचं म्हणणं खरं ठरल्याचा समारंभ होता. शर्टाची बटणं काढून टाके बघणारेही होते. मी या माणसांना तीस वर्षं ओळखते. लिफ्टमध्ये भेटले तर ते मोबाईलकडे बघतात. पण छाती फाडलेला माणूस फुकट बघायला मिळणार म्हटल्यावर सगळ्यांना शेजारधर्म आठवला.

आणि चहा. "चहाचं काही करू नका हं वहिनी, आम्ही काय पाहुणे आहोत?" असं म्हणून माणसं हलत नाहीत. थोड्या वेळाने म्हणतात, "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर अर्धा कप." मी काहीही म्हटलेलं नसतं. मी अशा अर्ध्या कपांसाठी दिवसभर गॅसपाशी उभी असायचे आणि आतून नवऱ्याचा खोल गेलेला आवाज यायचा, "हो... आता बरं आहे... हो... नाही, दुखतं थोडं..." त्याला बोलण्याचा त्रास व्हायचा. घाम यायचा. पण एकही माणूस त्याचा घाम बघून उठला नाही.

मी पुष्कळ विचार केला, की ही माणसं येतात कशासाठी? प्रेमाने येत नाहीत, ते त्यांच्या डोळ्यांत दिसतं. ती खोलीभर नजर फिरवतात, औषधांच्या पट्ट्या बघतात, वय विचारतात. वय विचारून मनात वजाबाकी करतात. आजारी माणूस आपल्यापेक्षा मोठा निघाला, की चेहरा सैल होतो. लहान निघाला, तर लगेच त्याचा एखादा दुर्गुण आठवतो, सिगारेट म्हणा, टेन्शन म्हणा, मटण म्हणा. मरण शेजारी डोकावून गेलं आणि आपल्या घराचा पत्ता त्याच्याकडे नाही, एवढी खात्री त्यांना हवी असते. ती मिळाली, की माणसं चप्पल घालतात आणि आनंदाने घरी जातात. खाली उतरताना जिन्यात त्यांचा हसण्याचा आवाज मी कितीदा ऐकलाय.

आठवड्याभरात नवऱ्याचा रक्तदाब वर गेला. डॉक्टर फोनवर माझ्यावरच खेकसले. मग मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'रुग्णाला विश्रांतीची गरज आहे. कृपया भेटायला येऊ नये.' आणि तो कागद दाराच्या बाहेर चिकटवला. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

सुशिक्षित वस्ती आहे. सगळ्यांनी पाटी वाचली. आणि सगळ्यांनी तिचा एकच अर्थ काढला, की आता काही खरं नाही.

दुपारपर्यंत बिल्डिंगच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं सुरू झाली. 'सीरियस आहेत असं कळलं', 'देव त्यांना शक्ती देवो'. संध्याकाळी बेलवर बेल. पूर्वी एकेकटे यायचे, ते आता कुटुंबासहित येऊ लागले, लेंगा-झब्बा वगैरे घालून. कारण नुसत्या आजाऱ्याला उद्या भेटलं तरी चालतं, पण आता उशीर करून कसं चालेल? दारात उभं राहून, पाटीवर बोट ठेवून एक बाई मला कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "मुलीला कळवलंत ना? तिकीट लवकर मिळत नाही हो." माझी मुलगी पुण्यात असते.

नवऱ्याची आत्या घाटकोपरला राहते. मूळची कणकवलीकडची, ऐंशीच्या पुढची. तिला दोन माणसांनी धरून वर आणलं. आल्या आल्या तिने नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि गळा काढला, "काय रे झिला, ह्या काय करून घेतलंस? पाटी बघलंय नि माझो जीवच गेलो!" तिला निदान रडू आलं होतं. बाकीचे तिच्या रडण्याकडे बघून एकमेकांना खुणा करत होते, की बघा, घरच्यांना माहीत आहे.

आणि मग चारकोपहून चुलत दीर आले. नवऱ्याचे मोठे चुलत भाऊ. यांचं आमच्याकडे येणं म्हणजे लग्न नाहीतर बारावं, एरवी नाही. पश्चिम उपनगरांतून मुलुंडला येणारा माणूस आधी आपण पवईला किती अडकलो ते सांगतो, तसं त्यांनी सांगितलं. सांगताना ते तीनदा शिंकले. नाक लाल झालेलं. म्हणाले, "मला कालपासून जरा कणकण आहे. ही म्हणाली, नका जाऊ. पण म्हटलं, पाटी लावण्याइतकी वेळ आलीय, आता नाही गेलो तर पुन्हा भेट होईल, न होईल." असं म्हणून त्यांनी तोच हात, ज्यावर शिंकले होते, पुढे केला आणि माझ्या नवऱ्याचा हात घट्ट धरून बसले. मी "भाऊजी, जरा लांब बसता का?" म्हणाले. ते दुखावले. खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना जिन्यावरून ढकललंय. मग मी आत जाऊन चहा टाकला. आल्याचा, कारण त्यांना सर्दी होती.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याला ताप चढला आणि खोकला सुरू झाला. छातीचं हाड कापलेल्या माणसाचा खोकला मी शत्रूलाही इच्छिणार नाही. उशी छातीशी आवळून धरायची आणि खोकायचं, असं हॉस्पिटलमध्ये शिकवतात. तो उशी आवळायचा, आणि तरी त्याच्या तोंडून जो आवाज निघायचा तो मी लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. न्यूमोनिया निघाला. पुन्हा अँब्युलन्स, पुन्हा आयसीयू. काचेच्या दाराबाहेर बसले होते तेव्हा मला रडू आलं नाही. मला राग आला होता. तो चारकोपवाल्यांचा होता, साडूवाल्यांचा होता, दुधीवालीचा होता. देवाची करुणा भाकायच्या ऐवजी मी एकेकाचा चेहरा आठवून शिव्या देत होते. हा माणूस गेला तर हे सगळे पुन्हा येतील, पांढरे कपडे घालून, आणि मला त्यांना पुन्हा चहा करून द्यावा लागेल, हा विचार मला सहन होत नव्हता.

दीर हॉस्पिटलातही आले. या वेळी तोंडाला मास्क लावून. म्हणाले, "हल्ली व्हायरल फार आहे ना, आपण जपलेलं बरं. आणि हे हॉस्पिटलचे एसी म्हणजे इन्फेक्शनचं घर बघ." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना खरोखर आठवत नव्हतं. ज्याने आपल्यामुळे दुसऱ्याचं वाटोळं झालं हे लक्षात ठेवलं, असा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

नवरा वाचला. महिनाभर लागला, पण उठला, चालू लागला, चिडचिड करू लागला. तो बरा झाल्यावर लोकांचा उत्साह मावळला. काही जणांच्या बोलण्यात तर चक्क नाराजी होती, एवढी पाटी वगैरे लावून शेवटी काही झालंच नाही. मॅनेजरसाहेब लिफ्टमध्ये पुन्हा मोबाईलकडे बघू लागले.

मला वाटलं, या सगळ्यातून निदान एक माणूस तरी शहाणा झाला असेल. एका संध्याकाळी गॅलरीत बसून तो बोटांवर काहीतरी मोजत होता. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "तुझ्या लक्षात आलं का गं? तुझा मामेभाऊ आला नाही. आणि तो सी विंगमधला. फोनसुद्धा नाही केला त्याने. माणसं कळली या निमित्ताने." ज्यांनी त्याला आयसीयूत पाठवलं, त्यांच्यावर त्याचा राग नव्हता. जे दोघे आले नाहीत, आणि म्हणून ज्यांच्याकडून त्याला काही इजा झाली नाही, त्यांच्यावर होता.

दिवाळीनंतर बातमी आली, की आमच्या जुन्या ऑफिसातल्या एकाची बायपास झाली, नाहूरला घरी आणलंय. आम्ही तिघंही एकाच खात्यात होतो. नवरा लगेच कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढू लागला.

"कुठे?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? नाहूरला. जायला नको?"

"कालच घरी आलाय तो. झोपू दे की त्याला."

"अगं, बाकीच्यांचं वेगळं. मी त्यातून गेलोय. मी त्याला नीट सांगू शकतो, पुढे काय काय होऊ शकतं. ताप येतो, न्यूमोनिया होतो, सावध राहायला हवं ना त्याने."

मी बरोबर गेले ते त्याला आवरायला. रिक्षात तो मांडीवर सफरचंदांची पिशवी घेऊन बसला होता. त्याचा चेहरा मी बऱ्याच दिवसांत इतका प्रसन्न बघितला नव्हता. मध्येच दोनदा खोकला. मी बघितलं, तर म्हणाला, "धूळ आहे गं."

दार त्या माणसाच्या बायकोने उघडलं. पूर्ण नाही, साखळी लावून, चेहरा दिसेल एवढं. बाईचे केस विस्कटलेले होते. आम्हाला ती चांगली ओळखते, आमच्या घरच्या लग्नात जेवून गेली आहे. ती म्हणाली, "झोपलेत ते. कुणालाच भेटू देत नाहीये मी. फोन करा नंतर." तिने ना आम्हाला आत बोलावलं, ना हसली, ना सॉरी म्हणाली. दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

बंद दाराबाहेर आम्ही दोघंच. मला त्या बाईला नमस्कार करावासा वाटत होता. नवरा लाल झाला होता. "काय बाई आहे! माणूस दारात आलाय, आणि ही साखळीसुद्धा काढत नाही? एवढे लोक आले माझ्या वेळी, आपण एकाला तरी असं दारातून परत पाठवलं का?"

"नाही पाठवलं," मी म्हटलं. "म्हणून तर तू मरायला टेकला होतास."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. वाटलं, कळलं. त्याने हातातल्या पिशवीकडे बघितलं, मग बंद दाराकडे.

"सफरचंदं तरी आत देऊन जाऊ," तो म्हणाला, आणि पुन्हा बेल दाबली.