दातवाल्या माणसाचा शेवट

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. बाबांचा तसा हुकूमच आहे. पण एका सिनेमापायी आमच्या घरात इतके किस्से साठलेत, की एक बाहेर काढला की दुसरा आपोआप मागं येतो. मी फारशी बोलत नाही, त्यामुळं माझ्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात.

बाबा आणि सलीमकाका शाळेपासूनचे दोस्त. आता दोघं चिकलठाण्याला एकाच कंपनीत आहेत. लहानपणी काकांच्या छावणीतल्या घरी दोघांनी टीव्हीवर रक्त पिणाऱ्या माणसाचा एक सिनेमा पाहिला होता. नाव आठवत नाही. आता काकांची पुण्याला बदली झालीय. जायच्या आधी तो सिनेमा पुन्हा एकदा शेजारी बसून बघायचाच, असं दोघांनी ठरवलंय.

शेवट मात्र दोघांना पक्का आठवतो. त्या माणसाची आई येते, त्याचा कान धरते आणि त्याला जेवायला घरी घेऊन जाते!

आई म्हणाली, असा सिनेमा असूच शकत नाही. बाबा म्हणाले, "तू पाहिलायस का? नाही ना? मग!"

आधी काकांनी फोनलाच तोंडी विचारलं, "वो लंबे दातां वाले की पिच्चर कौनसी?" फोननं पुंडलिकनगरातले दातांचे दवाखाने दाखवले. काकांनी त्यातल्या एकाची अपॉइंटमेंट घेतली. दाढ दुखतच होती म्हणे.

मग आम्ही छावणीतल्या जुन्या कॅसेटवाल्याकडं गेलो. त्याच्याकडं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यानं हीरो विचारला, हिरॉइन विचारली. दोन्ही आठवेनात. एखादं गाणं तरी? बाबांनी डोळे मिटून अख्खं गाणं म्हटलं. दुकानदारानं शांतपणं ऐकून घेतलं.

"भाऊ, ही साबणाची जाहिरात हाय."

"मधी लागली असंल," काका म्हणाले.

शेवटी बाबांनी कंपनीच्या ग्रुपवर कोडं टाकलं, "दिवसा दिसत नाही, अंधार पडला की येतो, रक्त पितो. ओळखा!" सगळ्यांनी एकच नाव लिहिलं, रात्रपाळीच्या सुपरवायझरचं. ते साहेबही त्याच ग्रुपवर आहेत. त्यांनी फक्त अंगठा टाकला. पुढच्या सोमवारपासून बाबांना रात्रपाळी लागली.

परवा काकांचं सामान बांधायला आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. मी आत काकांच्या आईसोबत मेथी निवडत बसले. त्यांना आम्ही सगळेच अम्मी म्हणतो. मी हळूच विचारलं, तो सिनेमा तुम्हीपण पाहिला होता का?

अम्मी हसल्या. "पाहिला ना बेटा. अर्धाच. मधीच लाइट गेली. हे दोघं पोट्टे घाबरले, झोपंनात, माझा पदर सोडंनात. मग मीच सांगितलं, उसकी अम्मी आयी, कान पकडला, घेऊन गेली जेवायला. तवा कुठं झोपले."

मी बाहेरच्या खोलीत पाहिलं. सामान तसंच पडलं होतं. दोघं डोक्याला डोकं लावून एकाच मोबाइलमध्ये बघत होते.

अम्मींनी दुसरी जुडी सोडली. "शोधू दे त्यांना."

काका रविवारी निघतात. बाबांना मी अजून काहीच सांगितलं नाही, कारण एकदा का त्यांना हे कळलं, की मग दोघं...

हो बाबा, आले. काय, सिनेमा परत सापडला?