आमच्या पडवीतले पायथनवाले

आमसुलं करताना कोकमाची सालं रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. प्रत्येक वेळी रंग चढत जातो. आमच्या पडवीतल्या गोष्टींचंही तसंच. घडते तेव्हा साधीच असते. चार जणांत चार वेळा सांगून झाली की अशी काही रंगते की ज्याच्यावर बेतली तोच हसून हसून लोळतो!

पडवीत काय असतं, ते आधी सांगते. आमचं घर मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीच्या काठी. घरात मी आणि आमचे हे; मुलगा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. सून तन्वी पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहिते, पायथन नावाच्या भाषेत. माघात ती लॅपटॉप घेऊन इथे आली. कंपनीने सांगितलं, गणपतीपर्यंत गावातून काम करून दाखव; जमलं तर कायम तिथेच राहा, नाही तर पुण्याला परत ये. मी रवळनाथापुढे दिवा लावून सोमवार धरले. घरात माणूस असावं, एवढंच मागणं.

नेट फक्त पडवीत नीट येतं. त्यामुळे तन्वी पडवीत बसली, आणि गुळाभोवती मुंग्या जमाव्यात तसे आणखी दोघे जमले. एक माझा दोडामार्गचा भाचा बाबल. तो रोज गोव्यात कम्प्युटरच्याच कामाला जातो आणि शनिवारी मोटरसायकलवरून आमच्याकडे येतो. दुसरी डायना, मालवणात कॉलेजात कम्प्युटर शिकवते. एकाचं अडलं की बाकीचे दोघे सोडवतात. मी चहा करते.

* * *

पहिला किस्सा शिमग्यातला. होळी उभी राहते त्या जागेवर, म्हणजे मांडावर, मानाचे नारळ दिले जातात. कुणाचा पहिला, कुणाचा दुसरा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्यात इकडचं तिकडे झालं तर भाऊ भावाशी बोलत नाही. दर वर्षी नावं हाताने लिहायची म्हणून तन्वी हौसेने म्हणाली, मी छापून देते.

मांडावर माइकवरून नावं वाचली गेली. दुसरा मान, तिसरा मान, सगळे नीट. पहिले मानकरी दाजी फेटा बांधून उभे, आणि त्यांचं नावच नाही! दाजींच्या मिशा हलायला लागल्या.

बाबलने उभ्या उभ्या प्रोग्राम बघितला. तो तन्वीच्या कानाशी लागला आणि मग स्वतःच पुढे झाला. दाजींना सांगितलं, की कम्प्युटर शून्यापासून मोजतो, आमच्या वहिनीने एकापासून वाचायला सांगितलं, म्हणून शून्यावरचं नाव राहिलं. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता.

दाजींनी विचार केला. "म्हणजे एकाच्याय आदी माका ठेवलेलो?"

"व्हय दाजी. तुमच्या आदी कोणूच नाय."

दाजी निवळले. आता ते नव्या माणसाला ओळख करून देताना सांगतात, "आमचो पयलो मान नाय. पयलो त्या शेजारच्यांचो. आमचो त्याच्याय आदीचो!"

* * *

देवगडला माझ्या माहेरच्यांची हापूसची बाग आहे. माझा चुलतभाऊ पेट्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या हाताने लिहायचा, आणि मग पार्ल्याची पेटी ठाण्याला जायची. बाबलने त्याच्यासाठी चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम केला. इथे पडवीत छान चालला. देवगडला भावाच्या कम्प्युटरवर टाकला, तर ढिम्म.

बाबलने तिथून तन्वीला फोन केला. त्याचं एकच पालुपद, "माझ्या लॅपटॉपर चलता."

तन्वीने विचारलं, गिऱ्हाइकांच्या नावांची फाईल कुठून उचलतोस? तेव्हा कळलं, की बाबलने प्रोग्रामात स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता घातला होता. बाबलचं नाव, बाबलचं डेस्कटॉप, बाबलचं फोल्डर. देवगडच्या कम्प्युटरात बाबल कुठून सापडणार? तन्वी म्हणाली, ओळ बदलून देते, पाच मिनिटं थांब.

पण भाऊ पक्का बागायतदार. आंबा झाडावर थांबत नाही, हे त्याला ठाऊक. त्याने शांतपणे बाबलचा लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला.

"ह्याच्यार चलता मां? मगे ह्यो हयच रवांदे. हंगाम सरलो की घेवन जा."

बाबलने बऱ्याच विनवण्या केल्या तेव्हा तो सुटला. तरी आत्येमामेभाऊ अजून चिडवतात, की एक लॅपटॉप गहाण पडता पडता वाचला.

* * *

संकष्टीचा चंद्रोदय हा आमच्या महिला मंडळाचा जिव्हाळ्याचा विषय. आभाळ भरलेलं असलं की चंद्र दिसत नाही, कॅलेंडर शोधावं लागतं, आणि चष्मा सापडत नाही. मी तन्वीला म्हटलं, वेळ सगळ्यांच्या मोबाइलवर जाईल असं काही कर. तिने केलं. संकष्टीला सकाळीच निरोप आला. आजचा चंद्रोदय दुपारी चारच्या सुमाराला!

बाकीच्या बायका माझ्याकडे विचारायला आल्या. शेजारच्या शेवंताकाकी मात्र आल्या नाहीत.

तन्वीने डायनाला फोन लावला; ती कॉलेजात, सापडेपर्यंत चार वाजून गेले. डायनाने बाकी काही न बघता एवढंच विचारलं, "घड्याळ कुठलं धरलंस?" प्रोग्राम ज्या मोठ्या कम्प्युटरवर ठेवला होता तो सगळ्या जगाचं सामाईक घड्याळ पाळत होता, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एका ओळीत दुरुस्ती झाली.

मी धावत शेवंताकाकींकडे गेले. काकी वरणभात, मोदक जेवून हात धूत होत्या. मी चूक झाली म्हणून सांगितलं, घड्याळाचं सगळं समजावलं. त्यांनी पदराला हात पुसले.

"म्हणजे थयच्या घड्याळात उगवलो मां?"

"हो काकी, पण इथे अजून..."

"गो, थयचो चंद्र काय येगळो आसा? गणपती बघता सगळा. तू जा, तुझो उपास धर."

* * *

डायनाचे विद्यार्थी तिला वेळीअवेळी प्रश्न पाठवतात. तिची एकच अट. नुसतं "चालत नाही" म्हणायचं नाही; पडद्यावर जी चूक दाखवली जाते, तिचा फोटो पाठवायचा.

एका सोमवारी दुपारी ती आमच्याकडे बसली असताना एकाचा फोटो आला. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि मी मान फिरवली. पोराने जेवता जेवता फोटो काढलेला. लॅपटॉप कोपऱ्यात अर्धा, आणि मध्यभागी ताटात तळलेला बांगडा!

डायनाने उत्तर पाठवलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. "एरर अर्धी कापली गेली आहे. बांगडा पूर्ण आला आहे, त्यात मला काही चूक दिसत नाही. आता एररचा फोटो पाठव."

त्याने पाठवला. या वेळी एरर पूर्ण होती. डायनाने उत्तर दिलं, सुटलंही. वर त्याचा निरोप आला, "थँक यू मॅडम, बांगडा आईने केलाय."

* * *

कधी कधी तिघांनाही सुटत नाही. मग तन्वी इंटरनेटवर प्रश्न टाकते आणि जगाच्या पाठीवरचं कुणीतरी उत्तर देतं. एकदा ज्येष्ठात ती दोन दिवस अडली होती, जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या सकाळी एका माणसाचं उत्तर आलेलं. माणसाचा फोटो नाही, मांजराचा. नाव म्हणजे चार अक्षरं आणि काही आकडे. देश ठाऊक नाही. पण त्याने एवढं सविस्तर लिहिलं होतं, की तन्वीने वाचता वाचता डोळे पुसले.

मी म्हटलं, त्याला आंबे पाठवू. तन्वी म्हणाली, आई, पत्ता नाही. मग सोलकढीची कृती? तीही पाठवता येत नाही म्हणे. तिथे कामाशिवाय बोललेलं चालत नाही.

मनाला चैन पडेना. आपल्या घरच्या माणसाची अडचण दूर केली आणि आपण हळदीकुंकवाचा हातही लावला नाही! पुढच्या आठवड्यात आमच्याकडे सत्यनारायण होता. संकल्पाच्या वेळी मी भटजींना हळूच सांगितलं, की आणखी एकाच्या नावे दोन अक्षता वाहायच्या आहेत.

भटजींनी नाव विचारलं. मी अक्षरं आणि आकडे सांगितले. ते न अडखळता म्हणाले. मग विचारलं, "गोत्र?"

मी तन्वीकडे बघितलं. तन्वीने बाबलकडे बघितलं. बाबल म्हणाला, "भटजीनू, फोटोत मांजर आसा."

भटजी पंचवीस गावांची भिक्षुकी केलेले. म्हणाले, "गोत्र माहीत नसला की काश्यप." आणि मांजरवाल्याच्या नावाने अक्षता पडल्या.

तेव्हापासून कुणी अनोळखी माणसाने प्रश्न सोडवला, की बाबल ओरडतो, "वहिनी, काश्यपांचा उत्तर इला!"

* * *

आता शेवटचा. नारळी पौर्णिमेची सकाळ. कंपनीला काम दाखवण्याचा दिवस नेमका तोच ठरलेला. पुण्याच्या मॅडम व्हिडिओवर बघणार आणि तन्वी इथे राहणार की जाणार ते सांगणार. बाबलने रजा काढली होती, डायनाच्या कॉलेजला सुट्टी. आमचे हे धोतर नेसून, समुद्राला अर्पण करायचा नारळ हातात घेऊन, बंदरावर निघाले होते.

तन्वी वेळेआधीच मीटिंगमध्ये जाऊन बसली. कॅमेरा अजून सुरू केला नव्हता. सहज म्हणून प्रोग्राम चालवून बघितला, तर लाल अक्षरं! काल संध्याकाळपर्यंत चालणारा प्रोग्राम, आणि आज पहिल्या पायरीवरच आडवा. बाबल म्हणाला हे बदल, डायना म्हणाली ते बघ, तन्वी दोघांचंही एकदम करू बघत होती. मी देवासमोर जाऊन उभी राहिले आणि स्तोत्राचा पहिला शब्दही आठवेना.

हे दारातून परत फिरले. ह्यांना कम्प्युटरातलं ओ का ठो कळत नाही. पण गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते ह्यांनीच. एकाने उभं राहून सगळी हकिगत देवाला सांगायची, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्यात अर्धवट सांगितलेलं चालत नाही. काय होतं, काय झालं, कधी झालं, सगळं.

"गप ऱ्हवा रे सगळे," हे म्हणाले. "तन्वी, काय झाला ता पयल्यापासून सांग. मी देवाक सांगतंय."

आणि नारळ धरून सुरू झाले. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान पुण्याच्या कंपनीचा काम केला."

बाबल आणि डायना सवयीनेच म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"कुठल्या दुकानात, कुठल्या महिन्यात किती माल धाडूचो, ता सांगणारा."

"व्हय म्हाराजा!"

"ता काल सांजपर्यंत बरा चलत होता." ह्यांनी तन्वीकडे बघितलं. "मगे काय केलंस?"

"काहीच नाही बाबा. लॅपटॉप बंद केला. त्याआधी फक्त आईंची श्रावणातली व्रतं पायथनच्या एका फाइलीत मांडून दिली, आणि..." ती थांबली. "त्या फाइलीला मी कॅलेंडर नाव दिलं. त्याच फोल्डरमध्ये."

डायनाने कपाळाला हात लावला.

पायथनच्या स्वतःच्या पोतडीत कॅलेंडर नावाची एक फाइल असतेच. महिना किती दिवसांचा, हे कंपनीचा प्रोग्राम तिला विचारतो. पण तेच नाव जवळ दिसलं की तो लांब जात नाही, जवळचीच उचलतो. गावात दोन बाबल असले की हाक मारल्यावर शेजारचाच येतो ना, तसं. कंपनीचा प्रोग्राम महिन्याचे दिवस विचारत होता, आणि त्याच्यापुढे माझे श्रावणी सोमवार, जिवतीचे शुक्रवार!

तन्वीने फाइलीचं नाव बदलून तिला दुसरीकडे हलवलं. प्रोग्राम सुरळीत चालला. तेवढ्यात मॅडमचा आवाज आला, सुरू करू या का? तन्वीने कॅमेरा लावला आणि सगळं काम शेवटपर्यंत दाखवलं. मॅडमनी चार कठीण प्रश्न विचारले, तिने चारही उत्तरं दिली. मी पडवीच्या खांबामागे उभी. हे नारळ घेऊन तिथेच.

मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "तन्वी, निर्णय सांगण्याआधी एक. तुझा माइक पहिल्यापासून सुरू होता."

तन्वीचा चेहरा उतरला.

"ते मघाचे कोण होते? त्यांचं अर्धवट राहिलं. त्यांना पूर्ण करू दे."

तन्वीने ह्यांच्याकडे बघितलं. हे पुढे झाले, लॅपटॉपसमोर सरळ उभे राहिले, नारळ दोन्ही हातांत धरला.

"तर बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या हातान काय चुकला-माकला आसात तर पदरात घे. आणि तेका ह्या घरात, आमच्या डोळ्यांसमोर, हयच रवांदे रे म्हाराजा!"

बाबल, डायना, तन्वी, मी, कुणाच्याच तोंडून आवाज फुटला नाही.

लॅपटॉपमधून आला. "व्हय म्हाराजा."