मुक्या पट्टीचं गाणं

मलकापूरला रेल्वेतून उतरून चिखलीच्या एसटीत बसले आणि राजूर घाटाच्या पहिल्याच वळणावर माझी बॅग गाऊ लागली. आधी एक सूर, मग तीन, मग जत्रेतल्या पिपाण्यांसारखा कल्ला. आतल्या दहा यंत्रांपैकी काहींची बटणं जेवणाच्या डब्याखाली दाबली गेली होती. सगळी बस मागे वळून पाहू लागली.

"मॅडम, तुमची बॅग गाऊन राह्यली," कंडक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "तिचं वेगळं तिकीट फाडू का?"

मी नाशिकहून गावोगावच्या मुलांना या यंत्रांवर संगीत शिकवायला निघालेली बाई, आणि हा माझा पहिला कार्यक्रम. चिखलीला पोचेपर्यंत अर्धे सेल संपले होते.

उंद्रीच्या पुढे एका फाट्यावर डोंगरे गुरुजी मोटारसायकल घेऊन उभे होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा घाट्याला आला होता. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग, एकतीस मुलं. आणि येत्या शनिवारी गुरुजी निवृत्त होणार होते. दुपारी त्यांच्या घरी कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा जेवले. मला तिखट चालतं, असं मी फुशारकीनं सांगून बसले होते.

"लागलं का तिखट?" काकूंनी विचारलं.

"नाही हो."

"मंग डोळ्याले काय झालं?"

दुसऱ्या दिवशी परिपाठाला गुरुजींनी पेटी काढली. गाणं त्यांनीच रचलेलं. मुलं छान गात होती, पण एका ओळीला सगळी एकदम अडखळली. "वहीच्या वावरात" (वावर म्हणजे शेत) म्हणाली, सगळ्यांनी आवंढा गिळला, आणि पुढे "रू अक्षर" म्हणाली. "पेरू"मधला "पे" गायब! मी आयुष्यभर कंप्यूटरच्या कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधल्या आहेत. माझे कान लगेच टवकारले.

"पेटीचा वरचा सा मुका आहे," गुरुजी नंतर म्हणाले. "पट्टी गेली तवा म्या तोंडानं सूर देल्ला. पण पोरं माह्यं कुठं आयकतात! त्यायनं पेटीचं आयकलं." दुरुस्ती बुलढाण्याला नेऊनही झाली नव्हती. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "तुमच्या यंत्रात तो सूर निंघते का? जायच्या आधी एकडाव गाणं पुरं आयकाव म्हणतो. माह्या मांगं पेटी वाजवणारं कोनी नाही."

एवढंच मागणं. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम.

यंत्र म्हणजे खेळायच्या पत्त्याएवढी पाटी. तिला एक इवला भोंगा आणि दोन बटणं. लॅपटॉपवर रंगीत ठोकळे एकापुढे एक जोडायचे, प्रत्येक ठोकळा एक सूर, आणि झालेलं गाणं पाटीत उतरवायचं. मुलांनी ते इतक्या झपाट्यानं उचललं की मीच मागे पडले. चौथीच्या प्रांजलनं तर एका दिवसात गुरुजींचं अख्खं गाणं रचलं, अर्थात मधली जागा रिकामी ठेवून. मी तिथं वरच्या "सा"चा ठोकळा बसवला आणि सगळ्यांना गायला लावलं.

"वहीच्या वावरात", आणि भोंग्यातून "पे"चा सूर निघाला. एकतीस मुलं जागच्या जागी थांबली.

"मॅडम, गाणं चुकून राह्यलं," प्रांजल म्हणाली.

"अगं, हेच बरोबर आहे. आजवर चुकत होतं."

"मायी माय बी असंच म्हणते. तिले बी गुरुजीच होते."

"मग आईचंही चुकलं," मी म्हणून गेले. दोन दिवस मी ती ओळ घोटून घेतली. काही मुलं "पे" म्हणायची, काही गिळायची, आणि गाण्याचं पार भजं झालं. गुरुवारी दुपारी गुरुजी व्हरांड्यातून आत आले. "राहू द्या मॅडम. काढून टाका तो सूर. माह्या एका हौसेपायी पोरायचं गाणं नका मोडू." ते हसले, पण माझ्याकडे न बघता. त्या हसण्यानं मला फार वाईट वाटलं. मी मुकाट्यानं ठोकळा काढला.

शुक्रवारी प्रांजल यंत्र घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. तिनं पहिलं बटण दाबलं. गाणं वाजलं, जागा रिकामी ठेवून. मग तिनं दुसरं बटण दाबलं. नुसता वरचा सा.

"हे वेगळं काऊन ठेवलं?" मी विचारलं. तिची बोली एव्हाना माझ्या जिभेवर आली होती.

"तो सूर आमचा नाही नं, मॅडम. गुरुजीचा आहे. त्यायनंच द्याव."

शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात निरोपाचा कार्यक्रम झाला. प्रांजलनं पहिलं बटण दाबून यंत्र गुरुजींच्या हातात दिलं. ओळ आली, आणि मुलांबरोबर मागे बसलेल्या आयांनीही आवंढा गिळला. प्रांजलच्या आईनं तर डोळे मिटून. गुरुजी ते बघत राहिले आणि त्यांचं बटण दाबायचंच राहिलं.

"अजून एकडाव लावू का, गुरुजी?" प्रांजल म्हणाली.

या खेपेला त्यांनी अंगठा आधीच बटणावर टेकवला होता. "वहीच्या वावरात." सगळं पटांगण गप्प झालं, आणि त्या शांततेत त्यांचा सूर एकटा वाजला, स्वच्छ, बरोबर जागेवर. "रू अक्षर" म्हणताना मुलांचा आवाज चढला. गुरुजींना पुढचं कडवं गाता आलं नाही. मलाही नाही.

परतताना बॅग हलकी होती. यंत्रं शाळेला देऊन आले होते. एक तेवढं ठेवलं होतं, प्रांजलचं गाणं उतरवून. घाट उतरताना ते गायलं नाही, कारण सेल मी आठवणीनं काढले होते.

नाशिकला घरी पोचल्यावर सेल घातले, यंत्र ओट्यावर ठेवलं आणि पहिलं बटण दाबलं. ओळ आली. चूक दुरुस्त करायच्या जुन्या सवयीनं माझं बोट दुसऱ्या बटणापर्यंत गेलं.

मग मी ते मागे घेतलं, आणि मुलांसारखाच "पे" गिळला.