मागच्या सीटसाठी घेतलेले टायर

दिवस कार्तिक अमावस्येच्या आधीचा शनिवार. ठरवून नेलेली रक्कम साडेतीन हजार रुपये. हजर तिघं: मी, माझी पत्नी आणि नळदुर्गजवळ हायवेला लागून असलेल्या दुकानाचा मालक. काम मोटारसायकलचे दोन्ही टायर बदलण्याचं.

टायर खरोखरच झिजले होते, हे आधी सांगून टाकतो. पण ते उन्हाळ्यापासून झिजलेले होते आणि उन्हाळ्यापासून मी ते चालवून घेत होतो. त्या शनिवारी दुकानात गेलो ते माझ्या साडूमुळे.

माझी सासुरवाडी जळकोटची. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मुलगा नाही. दोन मुली, त्यातली थोरली माझ्या घरी. दर अमावस्येला मामा एका मठात जातात. मठ कर्नाटकाच्या बाजूला, जळकोटपासून अठ्ठावीस किलोमीटर, त्यातले शेवटचे अकरा खडीचे. त्यांना तिथं थोरल्या जावयानं न्यायचं, असं आमच्या लग्नापासून ठरून गेलं. कुणी बसून ठरवलं नाही. पहिल्या वर्षी मी नेलं, तेच पुढं चालू राहिलं. एकोणीस वर्षं झाली. रजेचा अर्ज दिला, पावसात भिजलो, एकदा तापात गेलो. मी मोजणी खात्यात आहे. शेताच्या हद्दी मोजून देणं हे माझं काम, त्यामुळं दांडी मारणं मला जमत नाही.

धाकट्या जावयाची मुरुमला आडत आहे. माणूस हसतमुख, ढिला, तेरा साते किती ते त्याला गणकयंत्रावर बघावं लागतं. दसऱ्याला त्यानं नवी मोटारसायकल घेतली, रुंद टायरची. पेढे घेऊन जळकोटला आला आणि मामांना मागं बसवून हायवेपर्यंत फिरवून आणलं. मामा उतरले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पाण्यावरनं होडी जावी तसं. हिसका म्हणून न्हाय." मी तेव्हा पेढा खात होतो. तो पुढं गोड लागला नाही.

आश्विन अमावस्येच्या चार दिवस आधी मामांचा फोन आला. म्हणाले, जावईबापू, या बारीला तुम्ही नका दगदग करू, मुरुमहून हे येतेत. माझ्या घरापासून जळकोट जेवढं आहे त्याच्या दुपटीहून जास्त लांब ते मुरुमहून आहे. कोणाची दगदग वाचणार होती ते मला कळेना. मी बरं म्हटलं. त्या दिवशी कार्यालयात एका बांधाची मोजणी दोनदा चुकलो. असं माझ्याकडून होत नाही.

मला वाईट कशाचं वाटलं ते नीट सांगायला हवं. मामांना आरामात बसायला मिळालं, याचं नाही. मागच्या सीटवर बसून ते साडूशी वाटभर कन्नडमध्ये बोलत गेले असतील, याचं. मी मूळचा वाशी तालुक्यातला, तिकडं कन्नड नाही. मला कन्नड समजतं, बोलता येत नाही. माझ्या मागं मामा एकोणीस वर्षं जवळजवळ गप्प बसून आले. कॅरिअर दोन्ही हातांनी धरून बसायचे. मी समजत होतो की ते वाटेत नामस्मरण करतात.

दिवाळीत भाऊबीज झाल्यावर सगळे जळकोटला जमलो. दुपारी बाकीचे लवंडले, तेव्हा मी अंगणात साडूच्या गाडीपाशी गेलो. खिशात छोटा टेप असतोच. मागच्या टायरची रुंदी मोजली, एकशेतीस मिलिमीटर. माझा शंभरचा. तीस मिलिमीटरनं मामा तिकडं गेले, असं मनात आलं. तेवढ्यात पाठीमागून साडूचा आवाज आला.

"काय दादा, मोजणी चाललीय व्हय? हद्द खुणा दाखवा की मग."

"बघत होतो," मी म्हणालो.

"बघा बघा. मला तर नंबर बी म्हाईत न्हाय. शोरूमवाल्यानं दिली तशी आणली."

त्याला नंबरसुद्धा माहीत नव्हता. ते मला जास्त लागलं. मग तो आत गेला आणि माझ्यासाठीच चहा घेऊन आला.

तर त्या शनिवारी दुकानात मी सांगितलं की मागं एकशेतीसचा बसवायचा. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलायला सावकाश. त्यानं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रिम अरुंद आहे, एकशेतीसचा बसणार नाही, ओढूनताणून बसवला तर चेनला घासेल, वळणावर गाडी जड होईल. एकशेवीस? तेच. एकशेदहा? बसेल, पण कशाला साहेब, असं त्यानं विचारलं. पत्नी स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "त्यांच्या साडूच्या गाडीला हायत म्हणून." मी तिच्याकडं पाहिलं नाही.

मग कंपनीनं दिलेल्या मापातच बघायचं ठरलं. त्यानं दोन जोड्या काढून ठेवल्या. पहिली साधी, रबर टणक, तीस हजार किलोमीटर जाईल असं तो म्हणाला. मागचा अठराशे पन्नास, पुढचा चौदाशे पन्नास. वॉल्व आणि बसवणी दोनशे धरून बरोबर साडेतीन हजार, मी घरून हिशेब करून आणले होते तेवढेच. दुसरी जोडी मऊ रबराची. बोट दाबलं की कळत होतं. ओल्या रस्त्यावर पकड चांगली, धक्का थोडा कमी, पण आयुष्य निम्मं. मागचा सत्तावीसशे पन्नास, पुढचा एकवीसशे पन्नास. बसवणीसकट एक्कावन्नशे. एरवी मला विचार करावा लागला नसता. दुप्पट चालणारी वस्तू कमी पैशात मिळत असताना दुसरी घेणाऱ्याला मी नावं ठेवली असती. पण मी मऊ टायरवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत राहिलो.

दुकानदारानं तोवर मागचं चाक काढून जुना टायर सोडवला होता. तो त्यानं उजेडात धरला आणि मला बोलावलं. टायरची मधली पट्टी गुळगुळीत झाली होती, दोन बोटं रुंद. दोन्ही कडांची नक्षी मात्र जशीच्या तशी, नव्यासारखी.

"साहेब, हवा किती ठेवता मागं?"

"बेचाळीस."

त्यानं फडकं घेतलं, चेनकव्हरवरचा चिखल पुसला. तिथं कंपनीचा स्टिकर होता. एकट्याला एकोणतीस, मागं माणूस असेल तर तेहतीस. मला तो स्टिकर पाठ होता. गाडी घेतली त्याच दिवशी मी तो वाचला होता. पण मी आकड्यांवर प्रयोग करणारा माणूस. तेहतीसला गाडी सत्तावन्नचं ॲव्हरेज देत होती, बेचाळीसला एकसष्टचं. टाकी भरून, तीन महिने नोंदी ठेवून काढलेलं. माझं महिन्याचं फिरणं नऊशे किलोमीटर, म्हणजे महिन्याला एक लिटर पेट्रोल वाचतं. कंपनीवाल्यांना शहरातले रस्ते माहीत, असं म्हणून मी बेचाळीस कायम केले. या गाडीवर आठ वर्षं झाली. आधीच्या गाडीवरही मी असंच काहीतरी करत होतो.

"बेचाळीसला टायर फुगून मधल्या पट्टीवरच चालतो," दुकानदार म्हणाला. "मागचा माणूस दगडावर बसल्यागत. पुढं तुमाला कळायचं न्हाय, तुमचं वजन हँडलवर असतंय."

मी पत्नीकडं पाहिलं. ती स्टुलावरून उठली नव्हती.

"कंबर दुखती म्हणून मी किती बारी सांगितलं," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, रस्ता खराब हाय."

मी तसं म्हणायचो, हे खरं आहे.

दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, साहेब, साधी जोडी घ्या, हवा तेहतीस ठेवा, तुमचं काम भागतंय. उरलेले पैसे राहू द्या. हा सल्ला बरोबर होता आणि तो स्वस्तात पडत होता, तरीही मी मऊ जोडी बसवायला सांगितली, हवा मात्र तेहतीस. कारण मला तेव्हाही माहीत होतं. मामांना टायरचा त्रास होत होता असं झालं, तर दोष टायरचा. हवेचा त्रास होत होता असं झालं, तर दोष माझा. एक्कावन्नशे रुपये देऊन मी दोष टायरवर ढकलत होतो. खिशात साडेतीनच हजार होते. सोळाशे पत्नीनं पर्समधून काढून दिले. कशाला, असं तिनं विचारलं नाही.

अमावस्येला फोनची वाट न बघता मी सकाळी सातला जळकोटला पोहोचलो. अंगणात साडूची गाडी उभी होती. मामा उपरणं खांद्यावर टाकून तयार होते. दोन गाड्या, दोन जावई आणि मामा मधोमध. मला शेताच्या बांधावर उभं असल्यासारखं वाटलं. दोन्हीकडचे गप्प असतात, आणि सगळे मोजणाऱ्याच्या तोंडाकडं बघतात. इथं मोजणारे मामा होते.

मामा माझ्या गाडीपाशी आले. वाकले, मागचा टायर अंगठ्यानं दाबला.

साडूच म्हणाला, "मामा, आज दादांच्या गाडीवर जावा. माझा माल यायचाय आडतीला, मी निघतो."

त्या दिवशी मुरुमच्या मोंढ्यात अमावस्येची सुट्टी असते, हे मला माहीत होतं. मामांनाही माहीत होतं. त्यानं जागा सोडली, तीही हसत, आणि मला ती घ्यावी लागली. त्यानं ती हिसकावून नेली असती तर भांडता आलं असतं. गाडीला किक मारताना माझ्या पायात नको तेवढा जोर होता.

हायवे संपून खडी सुरू झाली. मागून आवाज नाही. दोन किलोमीटर गेल्यावर मी आरशातून पाहिलं. मामांचे हात कॅरिअरवर नव्हते, मांडीवर होते. पुढं एका गावापाशी त्यांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारून एक विहीर दाखवली. ती त्यांच्या आजोबांनी सोयऱ्यांना बांधून दिलेली. त्या विहिरीजवळून आम्ही एकोणीस वर्षं जात होतो.

मठात दर्शन झालं. पंगतीत हुग्गी होती, गव्हाची, गुळाची, वर तुपाची धार. मामा शेजारी बसले होते. दोन घास खाऊन म्हणाले, "टायर चांगले हायत."

इथं मी गप्प राहायला हवं होतं. एक्कावन्नशे रुपये त्यासाठीच तर दिले होते. पण चुकीची नोंद डोळ्यांसमोर असली की मला राहवत नाही.

"टायर न्हाय मामा," मी म्हणालो. "मी आतापर्यंत हवा जास्त ठेवत होतो. आता कमी केली."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"मुरुमच्यांनी गाडी आणली तवाच मी म्हणलं त्यांना, हवा बेतानं भरा, माझी कंबर दुखती. त्यांनी तिथंच पिन दाबून काढली."

मी द्रोण खाली ठेवला. "मग मला का न्हाय सांगितलं मामा? एकोणीस वर्षं?"

वाढणारा आला, त्याला मामांनी हातानंच पुरे म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "तुम्हाला कसं सांगावं, जावईबापू. तुम्ही आकडा सांगितला असता."

ते खोटं नव्हतं. मी सांगितला असता. सत्तावन्न आणि एकसष्ट, दोन्ही सांगितले असते, आणि मामा बरं म्हणून पुन्हा कॅरिअर धरून बसले असते.

परतताना मला साडूचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याच्या नव्या गाडीचा कधी वाटला नव्हता. गाडी आणि टायर पैसे टाकले की येतात. तो असा माणूस होता की म्हाताऱ्यानं त्याला कंबर दुखते म्हणून सहज सांगावं आणि त्यानं हसत खाली बसून पिन दाबावी. स्टिकरवरचा जो आकडा पाठ असून मी आठ वर्षं बाजूला ठेवला, तो त्यानं न मोजता, अंदाजानं गाठला होता. हे मी आज लिहितोय तरी मला ते सहन होत नाही.

अंगणात उतरल्यावर मामांनी निकाल दिला. एक अमावस्या माझी, एक मुरुमच्यांची. मी हो म्हटलं. भावाभावांत अर्धं अर्धं करून मी शेकडो वेळा दगड रोवून दिले आहेत, आणि थोरला भाऊ तेव्हा तोंड का पाडतो ते मला कधी कळलं नव्हतं. पुढची अमावस्या साडूची होती. त्या दिवशी मी कार्यालयात होतो आणि साडेनऊ वाजता ते खडीला लागले असतील, असं माझ्या मनात येऊन गेलं.

आता मागच्या चाकात तेहतीस असते. ॲव्हरेज पुन्हा सत्तावन्नवर आलं. मऊ टायरनं आणखी एक खाल्लं, म्हणजे छप्पन्न. पत्नीला मागं बसवून बाजारात जातो. ती परवा म्हणाली, बाबांना एकोणीस वर्षं झाली म्हणता, मला बी तेवढीच झाली की. अमावस्येला नव्हे, रोज. तिचं बरोबर होतं. मागच्या सीटवर कोण बसतं हे मी इतके दिवस मोजत होतो, आणि त्यात तिला धरलंच नव्हतं.

शेवटी दिले ते असे. दुकानदाराला रोख पाच हजार शंभर, त्यात माझे साडेतीन हजार आणि तिचे सोळाशे. तेहतीस हवा भरण्याचे त्यानं वेगळे काही घेतले नाहीत. पगार झाल्यावर ते सोळाशे मी पत्नीच्या हातात दिले. तिनं ते न मोजता डब्यात ठेवले.