वायरीच्या टोकाचं टोपण

नव्वदीच्या दशकात, वादळाच्या मोसमात, आमची सिग्नलची तुकडी बोईसरजवळ नवापूरच्या किनाऱ्यावर बचावकामासाठी उतरली. पाच तंबू, पाच संगणक. एकाच आवारातली अशी जोडणी म्हणजे लॅन. टेलिफोनच्या तारेवर मोडेम लावून आम्ही मुंबईच्या मुख्यालयाशी जोडलेले होतो, ती वॅन. मोडेमच्या तंबूत मी एकटा असे. संगणक आल्यापासून निरोप घेऊन कोणी येत नसे, त्यामुळे चहालाही कोणी येत नसे.

आमची एकच वायर पाचही तंबूंतून फिरत होती. अशा वायरीच्या दोन्ही टोकांना बोटभर टोपण लागतं. ते नसेल तर संदेश टोकावर आपटून उलटा फिरतो आणि सगळेच संगणक मुके होतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक संगणकाची वायर मधल्या एका पेटीत वेगळी जाते. एक तुटली तर एकच बंद पडतो. ती पेटी आम्हाला मिळाली नव्हती.

ब्रिगेडिअर साहेब येणार म्हणून सुभेदार साहेबांनी दगडांना चुना लावला. फील्ड टेलिफोन जुनाट दिसतात म्हणून गुंडाळले. शेवटच्या तंबूतलं लोंबतं टोपणही काढलं. ब्रिगेडिअर साहेब संगणकांचे उजळलेले पडदे बघून खूश होऊन गेले.

दुपारी वारा सुटला. गावातली देवकाबाई तंबूच्या दारात येऊन उभी राहिली.

"माजा घरवाला होडीत हाय. तुमची पेटी काय बोलते?"

तेवढ्यात मुख्यालयाचा संदेश आला. होडी दिसली होती, इंजिन बंद होतं, ठिकाण दिलं होतं. बचाव बोटीला वायरलेसच्या तंबूतूनच कळवता येत होतं, आणि तो सुरूच्या बनापलीकडे. मी संदेश पुढे पाठवला. गेला नाही.

"लाईन डेड," मी म्हणालो.

"उस्ताद, चिठ्ठी द्या," शेजारच्या तंबूतला लान्स नाईक मोरे बाईंच्या मागून डोकावत म्हणाला. "दोन पायांचं नेटवर्क चालू आहे."

"झाडांखालून जाऊ नको."

"मग काय उडत जाऊ?"

तो गेला. मी वायर चाचपत शेवटच्या तंबूत पोहोचलो. टोकाला टोपण नव्हतं. खिशातलं जादा टोपण लावलं. पडद्यावर वायरलेसवाल्यांचा संदेश उमटला: बोट होडीपर्यंत पोहोचली. सगळे सुखरूप. मोरे बाईंना सांगायला निघालाय.

तो आला नाही. परतीच्या वाटेवर त्याच्या अंगावर सुरूचं झाड पडलं होतं. चौकशीत झाडच दोषी ठरलं.

मासेमारीच्या मोसमाची पहिली होडी लोटताना देवकाबाई अजून त्याच्यासाठी एक नारळ समुद्रात सोडते. "मोरेभाऊ" एवढंच तिला ठाऊक होतं. यंदा मी तिथे गेलो आणि त्याचं पूर्ण नाव सांगितलं. अशोक दगडू मोरे. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, मग नारळ सोडला.